झाकण उघडायचं नाही

आखाड लागला की सगळ्या सोलापूरला भूक लागते आणि मला भीती वाटते.

एरवी मी धीराचा माणूस आहे. निदान कॉलेजच्या ऑफिसात, हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून परीक्षेचे फॉर्म तपासताना तरी तसा दिसतो. घरी मात्र मी पालीला, इंजेक्शनला आणि प्रेशर कुकरला भितो हे जगजाहीर आहे. आखाडाची भीती त्यातली नव्हे. ती बेंबीच्या जरा वर, गार पाण्याचा तांब्या ठेवल्यासारखी बसते. आज सकाळी ती आली. श्रावण तोंडावर, त्यात रविवार, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानापुढची रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेलेली. आभाळ भरलेलं होतं, पण त्याचं आम्हाला कौतुक नाही. आमच्याकडे आषाढात ढग नुसती हजेरी लावून पुढच्या जिल्ह्यात जातात. मागे राहतो तो वारा. त्या वाऱ्यात पिसांचा, ओल्या भुशाचा आणि गिरणीतल्या गरम ज्वारीच्या पिठाचा वास मिसळला होता. मी पिशवी घेऊन रांगेत उभा होतो. दुकानाचे मालक सलीमभाई यांनी लोकांच्या डोक्यांवरून मला हेरलं आणि ओरडले, “साब, पूरीच ना?”

“पूरीच,” मी म्हणालो.

पूरी म्हणजे अख्खी. सोललेली, साफ केलेली, पण न तोडलेली. आमच्या भागात अशी कोंबडी कुणी नेत नाही. रश्श्याला तुकडे लागतात, आणि तुकड्यांवरून भावाभावांत भांडणं लागतात, ही आमची रीत. कापलेली कोंबडी कुणी अख्खी मागितली की बघणाऱ्याच्या मनात एकच येतं: यांच्या घरात कुणीतरी आजारी आहे, आणि आज तिन्हीसांजेला ही मंडळी चौकात उतारा ठेवणार.

तीन वर्षांपूर्वीच्या आखाडात मी ती पहिल्यांदा मागितली तेव्हा सलीमभाईंचा सुरा हवेत थांबला होता.

“काटूं नक्को?”

“नको.”

“पूरी लेके क्या करते, साब?” मग ते पुढे वाकले, आवाज खाली आणला. “चौक में रखने कू क्या? अण्णा की तबियत ज्यादा है?”

माझ्या मागचा माणूस एक पाऊल मागे सरकला. त्याच्या मागची बाई दोन पावलं सरकली. मी घाईघाईनं सांगितलं की उतारा नाही, अण्णांनाच खायला घालायची आहे, एका विजेच्या भांड्यात सात तास शिजवून. यावर सलीमभाईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्यापेक्षा उताऱ्याचा संशय परवडला असता. पण त्यांनी आत जाऊन लहानशी, कोवळी कोंबडी निवडून आणली, दोनदा धुतली आणि म्हणाले, “अण्णा कू बोलना, मैं सलाम बोल्या.”

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी. “कंच्या चौकात ठिवायची रं? पुढच्या नगं, तितं पोरं खेळत्यात.”

अण्णा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. अठ्ठावीस मागांच्या खडखडाटात त्यांनी उभा जन्म काढला, त्यात कान अर्धे गेले. मी शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन जायचो. शेडच्या दारात पाऊल टाकलं की आवाज छातीत शिरायचा, दातसुद्धा थरथरायचे. आणि त्या आवाजात अण्णा टॉवेलच्या गठ्ठ्यावर गळ्यातला पंचा तोंडावर घेऊन खुशाल झोपलेले असायचे. अठ्ठावीसपैकी एक माग थांबला की मात्र खाडकन उठायचे. बाकी सत्तावीस वाजत असताना एकाचं गप्प होणं त्यांना ऐकू यायचं. शेडमध्ये बोलून उपयोगच नव्हता, म्हणून लोखंडी पान्यानं मागाच्या चौकटीवर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांबव. दोन म्हणजे चालू दे.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता अण्णांची उजवी बाजू गेली. वीस दिवस दवाखाना. तिथं नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी डाव्या हातानं दोनदा ओढून काढली. तिसऱ्या वेळी नर्सबाईंनी तो हात पलंगाच्या दांडीला बांधला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीवरचा टीव्ही बघत बसलो. टीव्ही बंद होता.

घरी आल्यावर नळी निघाली, आणि अण्णांनी जेवण सोडलं. गिळता येत होतं, डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं होतं. पण पेज नको, वरण नको, मऊ भात नको. दोन चमचे घ्यायचे आणि तोंड मिटायचे. अंगावरचा सदरा रोज एकेक बोट सैल व्हायचा. डॉक्टर घरी येऊन गेले, बाहेरच्या खोलीत माझ्याशी हळू बोलले: येत्या सोमवारी वजन करू, असंच उतरत राहिलं तर पुन्हा नळी घालावी लागेल. हळू बोलायची गरज नव्हती, अण्णांना ऐकू येत नाही, असं मला वाटत होतं. मी आत गेलो तर अण्णा छताकडे बघत म्हणाले, “नळी न्हाय.” शब्द ओल्या पिठासारखे एकमेकांना चिकटलेले, पण अर्थ सुटा होता. “हात बांधून न्हाय जगायचं, दिन्या.”

मग म्हणाले, “आखाड हाय की. कोंबडी कुटं हाय?”

डॉक्टर फोनवर म्हणाले, द्या. पण चावायला लागता कामा नये, आणि हाडाची कपची घशात गेली तर मला फोन करायलाही वेळ मिळणार नाही. धीर देण्याची डॉक्टरांची ही अशी एक कला असते. दुकानातल्या तोडलेल्या कोंबडीत कपच्या असणारच, सुरा हाडावरच बसतो. उपाय आमच्या मीनलनं काढला. मीनल आमची मुलगी, हैदराबादेत नोकरीला. आदल्या दिवाळीला तिनं स्लो कुकर पाठवला होता, तो माळ्यावर खोक्यातच पडून होता, कारण तिच्या आईला, म्हणजे सुरेखाला, शिजायला सात तास लावणारं भांडं हा कामाचा अपमान वाटला होता. “बाबा, अख्खी ठेवा,” मीनल म्हणाली. “हाडं मोडत नाहीत. मांस आपोआप सुटतं, बोटांनी वेगळं करायचं. फक्त एक करा. झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की वाफ जाते, अर्धा तास वाढतो. तुम्हाला जमेल ना?”

मी दुखावलो. म्हणालो, “न उघडणं यात न जमण्यासारखं काय आहे?”

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही ते भांडं मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनशेजारच्या स्टुलावर मांडलं. आमच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे, त्यामुळे आई तिथं मांसमच्छी शिजू देत नाही. हा नियम विजेच्या भांड्यालाही लागू झाला. पडवीची खिडकी अण्णांच्या खोलीत उघडते. आईनं आलं-लसूण वाटून दिलं, हळद, मीठ, चिमूटभर काळा मसाला. चिनीमातीच्या त्या लांबट भांड्यात कोंबडी ठेवली, आणि मी बघतच राहिलो. पाय पोटाशी घेतलेले, मान नाही, एका कुशीवर. अण्णा दवाखान्यातून आल्यापासून तसेच झोपायचे. मी पटकन काचेचं झाकण लावलं.

आणि मग काहीच झालं नाही.

ही त्या भांड्याची सगळ्यात भीतिदायक गोष्ट. आमच्या घरात स्वयंपाक कानानं होतो. फोडणी तडतडते, भाकरी थापल्याचा आवाज येतो, कुकर शिट्टी देतो. मी प्रेशर कुकरला भितो ते तो फुटेल म्हणून. पण निदान तो कळवत तरी असतो. हे नुसतं एक लाल दिवा लावून बसलं होतं. तास झाला, दीड तास झाला. काचेला आतून घाम आलेला, आतलं काही दिसेना. चालू आहे का? सात तासांनी कच्चंच निघालं तर? कोमट भांड्यात मांस इतका वेळ ठेवलं तर ते नासतं, असं मी कुठंतरी वाचलेलं मला नेमकं तेव्हा आठवलं. मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. झाकण बोटभर उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. एकदाच.

म्हणजे त्यानंतर आणखी तीनदा.

साडेअकराला पहिल्यांदा वास सुटला आणि वाऱ्यानं तो खिडकीतून आत नेला. मी अण्णांपाशी होतो. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले. “भूक लागली रं,” ते म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा. आई भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली.

दीड वाजता मी ताट, चमचा, टॉवेल सगळं मांडलं, देवाचं नाव घेतलं आणि झाकण काढलं. वरून रंग सुरेख होता. सुरेखानं मांडीच्या सांध्यात सुरीचं टोक घातलं आणि गुलाबी पाणी आलं. हाडाशी तर लालच.

तेवढ्यात फोन वाजला, मीनलचा. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, खरं सांगा. किती वेळा उघडलंत?”

“चारदा.”

“चारनं एवढं नाही व्हायचं.”

सुरेखा सुरी पुसत म्हणाली, “मी दोनदा. अहो, कांदा नाही, तेल नाही, जळतंय की काय म्हणून बघितलं. आणि एकदा मीठ बघायला.”

“कच्च्याचं मीठ बघितलंस?”

“पाण्याचं बघितलं. तुम्ही बोलू नका.”

मग आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. आई पदराशी खेळत होती. “मी काय न्हाय केलं. देवीआईचा अंगारा टाकला चिमूटभर. तेवढंच.”

“एकदा?”

“येळ बघून टाकायचा असतो. तीनदा.”

दहा वेळा. एकमेकांची नजर चुकवून तीन शहाणी माणसं सकाळपासून त्या भांड्याची वाफ घालवत होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण बघितलं नाही तर काहीतरी वाईट होईल.

सुरेखा म्हणाली, काढा ते, प्रेशर कुकरला लावते, दोन शिट्ट्यांत होईल. मी म्हणालो, शिट्ट्यांनी बरगड्यांच्या काड्या मोडल्या तर? कपची राहिली तर? आवाज चढले. मी भ्यालो की मोठ्यानं बोलतो, हे माझ्या ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक आहे. खरं तर मला भीती होती ती दीड वाजून गेल्याची. महिन्यानं आलेली भूक. ती अशी किती वेळ दारात उभी राहणार? ती गेली की उद्या सोमवार, वजनकाटा, नळी, दांडीला बांधलेला हात.

खिडकीतून आवाज आला. “लावा झाकण.”

सुरेखानं हातातली सुरी खाली ठेवली.

“चालू मागात हात घालायचा न्हाय. किती येळा सांगितलं.” श्वास घेऊन, एकेक शब्द वेगळा काढत अण्णा म्हणाले, “असू द्या तितंच. मी थांबतो. मी कुटं चाललोय?”

असं वाक्य आजारी माणसानं बोलू नये. निदान माझ्यासारख्या माणसाच्या देखत तरी नाही.

सुरेखानं झाकण लावलं, बटण जोरावर फिरवलं आणि मला पडवीतून हाकललं. आई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. आता भांडं बघायची सोय राहिली नाही, म्हणून मी अण्णांना बघू लागलो. दर पाच मिनिटांनी खोलीचं दार लोटायचं, फटीतून छाती हलते का बघायचं, दार ओढून घ्यायचं. पांघरुणाची एक घडी होती, ती वर आली की मी श्वास घ्यायचो. एकदा ती आली नाही. मी आत शिरून तोंडाशी हात नेला. अण्णांनी डोळे उघडले.

“आता मला उघडून बघतोस व्हय?”

मी हात मागे घेतला.

“सकाळपासनं बघतोय. भांड्याचं एकदा, माझं एकदा. आरं, वाफ जाती की.” त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवीला ते कळलं नाही. “तुला आवाज लागतो. लहानपणापासनं. दाराशी उभा ऱ्हाऊन रडायचास, माग बंद पडले की. तो गिलास आन हिकडं, चमचा बी.”

मी स्टीलचा पेला आणि चमचा आणून दिला. त्यांनी पेला छातीवर ठेवून घेतला, डाव्या हातात चमचा धरला; नेम धरायलाच वेळ लागला. टण्. टण्.

“ही तुझी शिट्टी. जा भाईर. दार लाव.”

मी बाहेर बसलो. दार लावलेलं. पडवीत भांडं, झाकण लावलेलं. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ काहीही न उघडता बसलो नव्हतो. पाचेक मिनिटं झाली की आतून दोन ठोके यायचे. कधी जोरात, कधी चमचा निसटल्यासारखे. एकदा मधलं अंतर फार लांबलं, मी उठून कडीला हात लावला, आणि ठोके आले. हात लावलेला दिसल्यासारखे.

साडेतीनला झाकण काढलं. पाय उचलायला गेलो तर हाड नुसतं हातात आलं, धुतल्यासारखं स्वच्छ, आणि मांस मागे राहिलं. आम्ही तिघं ताटाभोवती बसून बोटांनी धागा धागा चाचपत होतो, तांदूळ निवडतात तसं. सगळी हाडं मी एका थाळीत मांडली आणि एकेक फिरवून बघितलं, कुठं टवका उडालाय का. सुरेखा म्हणाली, “आता काय तिचा सांगाडा परत उभा करताय?”

पहिला चमचा मी दिला. अण्णांनी तो तोंडात धरून ठेवला, डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. दुसरा. तिसरा. चौथ्याला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी, आणि त्या आठ-दहा क्षणांत मी जे जे केलं त्याचा घरात अजून उल्लेख होतो: मी त्यांना सोडून आईची पाठ चोळत होतो. सुरेखानं अण्णांना पुढं वाकवलं. ठसका सरला. मी चमचा खाली ठेवला, पुरे म्हणालो. अण्णांनी डावा हात लांब करून पेल्यावर ठोके दिले. दोन.

अकरा चमचे खाल्ले त्यांनी. शेवटी म्हणाले, “अंगारा जास्त झाला.”

सोमवारी काट्यावर फारसा फरक नव्हता, एका दिवसात काय पडणार? पण डॉक्टरांसमोर त्यांनी उरलेल्यातले सहा चमचे खाऊन दाखवले, परीक्षा दिल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, बरं, आणखी आठवडाभर बघू. नळीचा विषय असा आठवड्या-आठवड्यानं मागं सरकत गेला आणि श्रावणात कधीतरी पडूनच गेला. श्रावणात आमच्या घरी कोंबडी शिजली, इतिहासात पहिल्यांदा. आईनं देव्हाऱ्याला पडदा लावला आणि देवाला सांगितलं, महिनाभर इकडं बघू नगंस.

यंदा अण्णा ब्याऐंशीचे आहेत. काठी घेऊन मोरीपर्यंत जात होते, ज्येष्ठ महिन्यापासून ते बंद आहे. गेल्या आठवड्यापासून ताट अर्धं परत येतंय. उद्या पुन्हा सोमवार आहे, उद्या पुन्हा डॉक्टर येणार आहेत, आणि त्यांनी फोनवर वजनाचं नाव काढलं तेव्हा त्यांचा आवाज मला जरा जास्तच मऊ वाटला.

सकाळी सातला भांडं लावलंय. मी पडवी आणि अण्णांच्या खोलीचं लावलेलं दार दोन्ही समोर येतील अशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसलोय. लसूण लागणार नाहीये, पण हातांना काहीतरी हवं. आईनं अंगारा आधीच, सगळ्यांच्या देखत, एकदाच टाकलाय. सुरेखा स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, तो आवाज आहे तोवर बरं. अण्णांचे ठोके आता पूर्वीसारखे पाच मिनिटांनी येत नाहीत. हात दुखतो म्हणतात. तासाला एकदा, असं ठरलंय. साडेअकराचे आले. साडेबारा होऊन गेले.

बारा चाळीस. वास खिडकीतून केव्हाच आत गेलाय. “भूक लागली” कुणी म्हणालेलं नाही.

भाकरीचा आवाज थांबला. सुरेखा परातीपाशी हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत होती. मी लसणाची वाटी खाली ठेवली, उठलो. कडी गार होती. सुरेखा हळू म्हणाली, “अहो, थांबा जरा.” मी थांबलो. छातीवरचा पेला डोळ्यांपुढे आला, चमचा धरलेली बोटं, पांघरुणाची ती घडी. अठ्ठावीस मागांपैकी एक बंद पडलेला ओळखायचे ते. मला इथं एकच आहे.

टण्.

मी तसाच उभा. एक ठोका म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. देव्हाऱ्यापाशी आईचा हात पोथीवर थांबलेला. सुरेखाच्या बोटांवरचं पीठ परातीत पडत होतं. मी मनात मोजत होतो, कशापर्यंत मोजायचं ते ठाऊक नसताना.

टण्.

आणि मागोमाग, घोगरा, चिडलेला आवाज: “चमचा पडला व्हता. कडी सोड, वाफ जाती.”